समकक्ष परीक्षण (मेंदूविज्ञान)

समकक्ष परीक्षण (पीअर रिव्ह्यू) : नव्या संशोधनाचा निबंध नियतकालिकात छापण्यापूर्वी त्याच विषयातल्या, पण त्या कामाशी संबंध नसलेल्या तज्ज्ञांकडून तपासून घेण्याची पद्धत. मेंदूविज्ञानात ती बहुधा एकतर्फी गुप्त असते. परीक्षकाला लेखकाचे नाव दिसते, लेखकाला परीक्षकाचे नाही. सामान्यतः दोन-तीन परीक्षक अभिप्राय देतात. निर्णय संपादकाचा असतो.

पद्धतीच्या उगमाबद्दल एकमत नाही. नवव्या शतकातील अरबी वैद्य अल्-रुहावी यांच्या ग्रंथात, वैद्याने रुग्णाच्या नोंदी ठेवाव्यात आणि गरज पडल्यास इतर वैद्यांनी त्या तपासाव्यात, असा उल्लेख आहे. रे स्पिअर यांनी २००२ मध्ये तो या पद्धतीचा आरंभ म्हणून पुढे आणला. मात्र तेथे तपासणी आहे ती करून झालेल्या उपचारांची, छापायच्या लेखनाची नाही. त्यामुळे हे नाते ओढूनताणून जोडल्यासारखे वाटते. दुसरे मत लंडनच्या रॉयल सोसायटीचे चिटणीस हेन्री ओल्डेनबर्ग यांच्याकडे बोट दाखवते. त्यांनी १६६५ मध्ये ‘फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स’ हे नियतकालिक सुरू केले खरे, पण काय छापायचे हे बव्हंशी तेच ठरवत. सोसायटीने निवडीसाठी समिती नेमली ती १७५२ मध्ये. त्याआधी १७३१ मध्ये एडिंबरोच्या एका वैद्यकीय मंडळाने आलेले लेख त्या त्या विषयातील जाणकारांकडे पाठवण्याची आणि जाणकाराचे नाव लेखकापासून गुप्त ठेवण्याची प्रथा जाहीर केली होती. वैद्यकापुरते पाहिल्यास पूर्वज म्हणून हीच प्रथा अधिक जवळची ठरते. रॉयल सोसायटीत परीक्षकांच्या लेखी अहवालाचा आग्रह इंग्रज शास्त्रज्ञ विल्यम व्ह्यूएल यांनी १८३१ मध्ये धरला. पहिल्याच खेपेला, खगोलशास्त्रज्ञ जॉर्ज एअरी यांच्या निबंधावर, त्यांचे व सहपरीक्षक जॉन लबक यांचे जमले नाही. निबंधाच्या महत्त्वावर बोलायचे की त्यातील उणिवांवर, हा तो वाद होता आणि परीक्षकांमध्ये तो अजूनही मिटलेला नाही.

या सगळ्यापासून आजची पद्धत सरळ रेषेत आली असे समजण्याचे कारण नाही. ‘नेचर’ या विज्ञान-नियतकालिकाने बाहेरच्या परीक्षकांचा नियम १९७३ मध्ये केला, ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने १९७६ च्या सुमारास. डीएनएच्या रचनेवरील १९५३ चा प्रसिद्ध निबंध परीक्षणाविनाच छापला गेला. विज्ञानाच्या इतिहासकार मेलिंडा बाल्डविन यांच्या मते, अमेरिकेत संशोधनावरील सरकारी खर्चाचा जाब १९७० च्या दशकात विचारला जाऊ लागला, तेव्हा परीक्षणाला विज्ञानाच्या विश्वासार्हतेच्या कसोटीचे स्थान मिळाले. उपलब्ध पुराव्याशी हे मत अधिक जुळते.

मेंदूविज्ञान स्वतंत्र विषय म्हणून आकार घेत होते तो काळही हाच. ‘ब्रेन’ हे नियतकालिक १८७८ पासूनचे असले तरी अमेरिकेतील सोसायटी फॉर न्यूरोसायन्स १९६९ ची आणि तिचे मुखपत्र १९८१ चे. विषयाची व्याप्ती हीच परीक्षणाची मुख्य अडचण आहे. एकाच निबंधात पेशींची विद्युत्नोंद, उंदरांचे वर्तन, प्रतिमांकन आणि संख्याशास्त्र येते. चारही जाणणारा परीक्षक क्वचितच मिळतो.

परीक्षक नेमके काय पाहतो, हे एका कल्पित निबंधावरून समजेल. तासगाव पट्ट्यातील द्राक्षबागांत औषध फवारणाऱ्या मजुरांच्या हाताच्या नसांतील संदेशवहनाचा वेग मोजला, आणि तो इतरांपेक्षा कमी भरला, असे त्यात म्हटले आहे असे धरू. जाणता परीक्षक आधी विचारील : तपासणीच्या वेळी हाताच्या त्वचेचे तापमान किती होते? ते १ अंश सेल्सिअसने उतरले की वेग सेकंदाला सुमारे १.५ ते २.५ मीटरने घटतो. फवारणीचा हंगाम थंडीतला. मजूर डिसेंबरच्या सकाळी तपासले आणि तुलनेचा गट एप्रिलमध्ये, तर सगळा फरक हवेचाही असू शकेल. म्हणून हात ३२ अंशांच्या आसपास आणून मगच मोजणी केली का, हे निबंधात लिहिलेले हवे. त्यानंतर वय आणि उंची, कारण उंच माणसात वेग कमी भरतो. मग मधुमेह आणि दारू, कारण दोन्हींनी नसा बिघडतात. शेवटचा प्रश्न तपासणाऱ्या तंत्रज्ञाचा : समोरचा माणूस कोणत्या गटातला हे त्याला ठाऊक होते का? असे चार प्रश्न नीट विचारणारा परीक्षक लाभणे हे लेखकाचे भाग्यच म्हटले पाहिजे, मग निबंध परत का येईना.

संख्याशास्त्रीय चुका मात्र परीक्षणातून वारंवार निसटतात. वरच्याच उदाहरणात, हंगामानंतर मजुरांतील घट सांख्यिकीय दृष्ट्या लक्षणीय ठरली व इतरांतील ठरली नाही, एवढ्यावरून दोन गटांत फरक आहे असे सिद्ध होत नाही. दोन्ही घटींची एकमेकींशी थेट तुलना करावी लागते. न्यूवेनहाउस व सहकाऱ्यांनी २०११ मध्ये आघाडीच्या पाच नियतकालिकांतील ५१३ निबंध तपासले. अशी तुलना आवश्यक असलेल्या १५७ पैकी ७९ निबंधांत ती चुकली होती. बटन व सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये या क्षेत्रातील अभ्यासांच्या सांख्यिकीय शक्तीचा (खरा परिणाम असल्यास तो पकडण्याच्या क्षमतेचा) मध्यक २१ टक्क्यांच्या आसपास दाखवला. नमुने लहान, म्हणून निष्कर्ष डळमळीत. जाणूनबुजून केलेली फसवणूक पकडणे याहून कठीण, कारण परीक्षकापुढे मूळ नोंदी सहसा येत नाहीत. स्मृतिभ्रंशाशी अ‍ॅमिलॉइड या मेंदूत साचणाऱ्या प्रथिनाच्या एका रूपाचा संबंध जोडणारा, २००६ मध्ये ‘नेचर’मध्ये आलेला निबंध प्रतिमांतील फेरफारामुळे २०२४ मध्ये मागे घेतला गेला.

सुधारणांचे प्रयत्न याच क्षेत्रात ठळक दिसतात. ‘कॉर्टेक्स’ या नियतकालिकाने २०१३ मध्ये, प्रयोग करण्याआधीच आराखड्याचे परीक्षण करून निकाल काहीही लागला तरी निबंध छापण्याची हमी देणारी पद्धत आणली. या सुधारणांत ती सर्वांत मूलगामी होय. एका नियतकालिकाने नाकारलेल्या निबंधाचे अभिप्राय दुसऱ्याकडे नेण्याची सोय देणारा मेंदूविज्ञान-नियतकालिकांचा संघ २००८ मध्ये सुरू झाला. ‘ईलाइफ’ या नियतकालिकाने २०२३ मध्ये परीक्षणानंतरचा स्वीकार-नकार बंद करून अभिप्रायांसह निबंध प्रसिद्ध करण्यास सुरुवात केली. त्याच वर्षी ‘न्यूरोइमेज’ या नियतकालिकाच्या संपादकांनी लेखकांकडून घेतल्या जाणाऱ्या ३,४५० डॉलर शुल्काच्या निषेधार्थ सामूहिक राजीनामे देऊन नवे नियतकालिक काढले.

सातारा-सांगली भागात या विषयाचा संबंध मुख्यतः मिरजेचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय (१९६२) आणि कराडची कृष्णा वैद्यकीय संस्था (१९८४) यांसारख्या ठिकाणच्या रुग्णाधारित संशोधनातून येतो. एम.डी.च्या प्रबंधातून निघालेला निबंध हा त्याचा नेहमीचा प्रकार. त्याला प्रबंधाचे परीक्षक, संस्थेची नैतिकता समिती आणि नियतकालिकाचे परीक्षक अशा तीन वेगळ्या तपासण्यांतून जावे लागते. त्यांची गल्लत होऊ नये. नैतिकता समितीची मंजुरी म्हणजे निष्कर्षांवर शिक्कामोर्तब नव्हे. सातारा जिल्ह्यातीलच वाई येथे घडलेल्या मराठी विश्वकोशाच्या संकेतस्थळावरील नव्या नोंदींखाली समीक्षकाचे नाव छापलेले असते. संशोधन-नियतकालिकांत अशी नाममुद्रा अद्याप अपवादच.

अध्यापकांच्या बढतीसाठी शोधनिबंध लागत असल्याने, पैसे घेऊन काही दिवसांत स्वीकृती कळवणारी, नावापुरते परीक्षण असलेली नियतकालिकेही येथे पोहोचली आहेत. विद्यापीठ अनुदान आयोगाची ‘केअर’ सूची अशांना आळा घालण्यासाठी होती. ती फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद झाली. नियतकालिक पारखण्याची जबाबदारी त्यानंतर महाविद्यालयांवर व खुद्द लेखकांवर आली असून, आयोगाने त्यासाठी सुचवलेल्या निकषांत परीक्षणाच्या पद्धतीचाही समावेश आहे.