गोमंतकीय घरातील झाडांची सजावट

गोव्यातील घरांच्या वसरीत (ओसरीत), राजांगणात, बल्कांवात (दारापुढच्या बसायच्या ओट्यावर) आणि आतल्या खोल्यांत कुंड्यांतील झाडे मांडून घर सजवण्याची पद्धत. हिंदू घरात तिचे केंद्र म्हणजे घराच्या मधला उघडा चौक, अर्थात राजांगण, आणि तिथले तुळशीवृंदावन. ख्रिस्ती घरात हा मान दारापुढच्या बल्कांवाला मिळतो. त्याच्या दोन्ही बाजूंच्या कट्ट्यांलगत क्रोटन, नेचे, बिगोनिया, रंगीत अळू यांच्या कुंड्या ओळीने दिसतात.

जुनी घरे पाडण्याऐवजी दुरुस्त करून राहण्याकडे कल वाढला, तशी लाल ऑक्साईडची जमीन, नक्षीदार सिमेंट टाइल्स, काचेऐवजी चपटे शिंपले बसवलेल्या खिडक्या, वेताच्या खुर्च्या आणि निळे अझुलेजो, म्हणजे पोर्तुगीज धाटणीच्या चित्रित चकचकीत टाइल्स, पुन्हा मागणीत आले. सुतळीच्या जाळीत टांगलेल्या कुंड्या, काचेच्या बरणीतली बाग, मॉन्स्टेरासारखी मोठ्या पानांची झाडे ही 1970च्या दशकातली पाश्चात्त्य आवडही त्यांच्यासोबत परतली. जुन्या घराचे हे भाग मात्र केवळ शोभेसाठी घडवलेले नव्हते. उजेड, वारा आणि ओल यांचा हिशेब त्यांत होता, आणि झाड त्याच हिशेबात बसवले तरच टिकते.

पहिला प्रश्न उजेडाचा. कौलारू घराची पागोळी खाली उतरलेली असते, त्यामुळे खिडकीपासून दोन मीटर आत गेले की उजेड झपाट्याने कमी होतो. दुपारी दिवा न लावता एखाद्या जागी वर्तमानपत्र वाचता आले, तर तिथे मनीप्लँट, स्नेक प्लँट, नेचे जगतात; अक्षरे चाचपडावी लागली तर तिथे झाड ठेवू नये. शिंपल्यांच्या खिडकीतून दुधट, पसरलेला उजेड येतो. ऊन थेट पडत नसल्याने तिच्याजवळची पाने करपत नाहीत, म्हणून बिगोनिया आणि अँथुरियमसाठी ही उत्तम जागा. हे शिंपले वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित असल्याने नवे काढता येत नाहीत. डागडुजी करताना, पाडलेल्या घरांतले जुने शिंपलेच वापरावे किंवा दुधी काच बसवावी. क्रोटनला मात्र ऊन लागते. आत आणले की त्याचा लाल-पिवळा रंग उतरून पाने हिरवी होतात आणि खालून गळू लागतात. त्यावरचा सोपा उपाय म्हणजे कुंड्यांचे दोन संच ठेवून दर पंधरा दिवसांनी वसरीतले आत आणि आतले वसरीत नेणे. आतून आलेले झाड पहिल्याच दिवशी उन्हात ठेवले तर पानांवर पांढरे चट्टे पडतात. आठवडाभर सावलीत थांबवावे.

गोव्याची जांभी माती आम्लधर्मी आणि चिकट असते. कुंडीत एकटी भरली तर उन्हाळ्यात विटेसारखी घट्ट होते आणि पाणी कडेने निसटून जाते. दोन भाग लाल माती, एक भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), एक भाग गांडूळखत आणि अर्धा भाग नदीची जाड वाळू हे मिश्रण बहुतेक पानांच्या झाडांना चालते. किनाऱ्यावरची वाळू वापरू नये, तिच्यातले मीठ मुळे जाळते. समुद्राजवळच्या विहिरींचे पाणी एप्रिल-मे महिन्यांत मचूळ होते. अरेका पामच्या पानांची टोके तपकिरी पडू लागली की आधी पाण्यावर संशय घ्यावा.

नेच्यासाठी नारळाच्या सोडणाइतके (वरच्या तंतुमय सालाइतके) स्वस्त आणि चांगले भांडे नाही. ताजे सोडण तीन दिवस पाण्यात बुडवून ठेवावे आणि पाणी रोज बदलावे, म्हणजे त्यातले क्षार आणि टॅनिन निघून जातात. तळाला दोन भोके पाडून आत सोडणाचेच तुकडे आणि मूठभर गांडूळखत भरावे. नेच्याचा गड्डा वरच ठेवावा, पुरू नये. पुरला की कुजतो. टांगायला सुंभ शोभते, पण पावसाळी ओलीत ते कुजते, म्हणून भार नायलॉनच्या दोरीवर ठेवून वरून सुंभ गुंडाळावे. खिळा चिऱ्याच्या भिंतीत ठोकू नये. जांभा दगड सच्छिद्र असतो आणि त्यात ठोकलेला खिळा भाराने ढिला होतो. 25 सेंमी व्यासाची भिजलेली मातीची कुंडी सहज 10 किलोंच्या वर जाते, म्हणून ती छपराच्या वाशालाच टांगावी.

पावसाळ्यात घरातली झाडे मरतात ती बहुधा जास्त पाण्याने. जून ते सप्टेंबर हवा इतकी दमट असते की कुंडी वाळतच नाही, आणि ढगांमुळे उजेडही घटतो. मे महिन्यातली रोज पाणी घालण्याची सवय तशीच चालू राहिली की मुळे कुजतात. कुजलेल्या मुळांचे झाड तहानलेल्यासारखेच माना टाकते, मग त्याला आणखी पाणी मिळते! बोट चार-पाच सेंमी आत घालून माती कोरडी लागली तरच पाणी द्यावे. आतल्या कुंड्यांना या काळात खत देऊ नये. कुंडी भिंतीपासून वीतभर दूर ठेवावी, नाहीतर भिंतीवर बुरशी धरते. कुंडीखालच्या ताटलीतले पाणी दर आठवड्याला न चुकता ओतावे, कारण डेंग्यूचा डास अशाच साठलेल्या पाण्यात वाढतो. पानांच्या बेचक्यात कापसासारखा पिठ्या ढेकूण दिसला तर लिटरभर पाण्यात पाच मिली कडुनिंबाचे तेल आणि थोडा द्रव साबण मिसळून संध्याकाळी फवारावे.

लाल ऑक्साईडवर ओली कुंडी ठेवली की क्षारांचे पांढरे कडे उमटते, आणि ते घासूनही जात नाही. दोन-तीन सेंमी उंचीचे लाकडी पाट किंवा विटांचे तुकडे खाली द्यावे, म्हणजे मधून वारा खेळतो. सिमेंट टाइल भट्टीत भाजलेली नसते, दाबून घडवलेली असते, आणि तिचा रंगीत थर काही मिलिमीटरच असतो. डाग काढायला ॲसिड ओतले तर नक्षीच खाल्ली जाते.

बंद बरणीतल्या बागेचे मूळ लंडनमधले डॉक्टर नॅथॅनियल वॉर्ड यांच्या एकोणिसाव्या शतकातील काचपेटीत आहे. गोव्याच्या हवेत बंद बरणीपेक्षा उघडी बरणी बरी, नाहीतर आत बुरशी माजते.

झाडे खोलीतली हवा शुद्ध करतात, हा विक्रेत्यांचा आवडता दावा नासाच्या 1989च्या अभ्यासावर उभा आहे. तो बंद कक्षांत झाला होता. 2019च्या एका आढाव्यानुसार, वारा खेळणाऱ्या घरात तसा परिणाम हवा असेल तर दर चौरस मीटरला किमान 10 झाडे लागतील. मॉन्स्टेरा, मनीप्लँट आणि डिफेनबेकिया यांच्या पानांत कॅल्शियम ऑक्झलेटचे स्फटिक असतात. चावल्यास तोंड आणि घसा सुजतो, म्हणून लहान मुले वा मांजर असलेल्या घरात ती उंचावर ठेवावी.

याच परंपरेतली माटोळी, म्हणजे फळाफुलांची लटकती आरास, चतुर्थीला गणपतीच्या डोक्यावर लाकडी चौकटीला बांधतात. नारळ, सुपारीचे घोस, तवशी (काकड्या), चिबूड आणि रानातली फळे-फुले तिला लटकवतात, आणि बांधायला केवणी या रानझुडपाच्या सालीचे दोर लागतात. गोवा शासनाच्या कला व संस्कृती संचालनालयाच्या माटोळी स्पर्धेमुळे तिला नवा जोर आला, पण दुर्मीळ वेली मुळासकट ओढून आणणे थांबायला हवे. फळाची फांदी कापून घेतली तर वेल पुढल्या वर्षीही फळते. हाच नियम सीतेच्या वेणीसारख्या रानातल्या ऑर्किडला लावावा: ती झाडावरून खरवडून वसरीत आणू नये, रोपवाटिकेत वाढवलेले ऑर्किड घ्यावे.

तुळस सजावटीच्या कुंड्यांत धरू नये. तिला रोज पाच-सहा तास ऊन हवे. फ्लॅटच्या बैठकीत ठेवलेली तुळस काही आठवड्यांत पाने टाकते. गच्ची किंवा दक्षिणेकडची खिडकी मिळाली तर मंजिऱ्या खुडत राहून ती कार्तिकात तुळशीच्या लग्नापर्यंत दाट ठेवता येते.