फोन गाडीच्या स्क्रीनला कनेक्ट न होणे

गाडीतल्या टचस्क्रीनला मोबाईल जोडायला गेलं आणि तो जोडलाच गेला नाही, किंवा काल जोडलेला आज ओळखेना, किंवा जोडला जातो पण नकाशा येत नाही, गाणी लागतात पण कॉल फोनवरच वाजतो, या सगळ्या तक्रारींना बोलताना एकच नाव आहे, ‘फोन कनेक्ट होत नाहीये’. त्या स्क्रीनला कंपन्या इन्फोटेनमेंट सिस्टीम म्हणतात, काम करणारी पोरं हेड युनिट म्हणतात आणि घरातली मोठी माणसं अजूनही टेप म्हणतात. गोंधळ होतो तो यामुळे की फोन आणि गाडी यांच्यात एक जोडणी नसतेच, दोन-तीन वेगवेगळ्या जोडण्या एकावर एक बसलेल्या असतात, आणि त्यातली नेमकी कुठली तुटलीय हे न बघता माणूस सरळ सगळं रिसेट मारत सुटतो.

सगळ्यात खालची जोडणी ब्लूटूथची. ब्लूटूथचं काम १९९४ मध्ये एरिक्सन कंपनीत सुरू झालं, १९९८ मध्ये कंपन्यांनी मिळून त्याचा संघ काढला आणि नाव दिलं दहाव्या शतकातल्या डेन्मार्कच्या हॅराल्ड राजाच्या टोपणनावावरून. आपल्या कामाची गोष्ट ही की ब्लूटूथच्या आतही कप्पे असतात, कॉलचा वेगळा, गाण्यांचा वेगळा, स्टेअरिंगवरच्या बटणांचा वेगळा, फोनबुकचा वेगळा. म्हणून ‘गाणी चालतात पण कॉल नाही’ ही तक्रार अजिबात विचित्र नाही, कॉलचा कप्पा बंद आहे एवढंच. अँड्रॉइड फोनमध्ये ब्लूटूथच्या यादीत गाडीच्या नावापुढचं चक्र दाबलं की हे स्विच दिसतात, फोन कॉल, मीडिया ऑडिओ, कॉन्टॅक्ट शेअरिंग. पहिल्यांदा पेअर करताना, म्हणजे फोन आणि गाडीची ओळख करून देताना, ‘कॉन्टॅक्ट बघू द्यायचे का’ असं फोन विचारतो तेव्हा घाईत ‘नको’ दाबलेलं असतं, आणि मग वर्षभर गाडीत नुसते नंबर दिसतात, नावं नाहीत.

त्याच्यावरची जोडणी म्हणजे अँड्रॉइड ऑटो (अँड्रॉइड फोनसाठी) किंवा कारप्ले (आयफोनसाठी), फोनमधला नकाशा, गाणी, कॉल गाडीच्या स्क्रीनवर आणणाऱ्या सोयी. अ‍ॅपलने जून २०१३ मध्ये आयफोनसाठीच्या या सोयीची घोषणा केली, मार्च २०१४ मध्ये जिनिव्हाच्या मोटार शोमध्ये ते कारप्ले या नावाने आलं. गूगलने अँड्रॉइड ऑटो २०१४ मध्ये दाखवलं आणि २०१५ मध्ये बाजारात आणलं. दोन्हींचं तत्त्व एकच, सगळं काम फोन करतो, चित्र फोन तयार करतो आणि व्हिडिओसारखं गाडीला पाठवतो, गाडीची स्क्रीन फक्त ते दाखवते आणि तुमचं बोट कुठे लागलं ते फोनला परत कळवते. हे बघायचं असेल तर कॉन्टॅक्टची नावं मराठीत सेव्ह करा. ‘आत्या ठाणे’ असं लिहिलेलं नाव काही जुन्या स्क्रीनवर साध्या ब्लूटूथने चौकोन चौकोन दिसतं, कारण तिथे अक्षरं गाडी काढते आणि गाडीकडे देवनागरी फॉन्टच नसतो. त्याच गाडीत अँड्रॉइड ऑटो चालू केलं की ‘आत्या ठाणे’ नीट दिसते कारण आता अक्षरं फोन काढतोय. म्हणजे स्क्रीन तीच, आत्याही तीच, जोडणी वेगळी.

वायरलेसमध्ये आणखी एक मजला चढतो. फोन आणि गाडी एकमेकांना ब्लूटूथवर शोधतात, ओळख पटली की गाडी आपल्या वाय-फायचं नाव-पासवर्ड गुपचूप फोनला देते आणि मग खरा माल, म्हणजे चित्र आणि आवाज, वाय-फायवरून जातो, बहुतेक ५ गिगाहर्ट्झवर. त्यामुळे वायरलेसला ब्लूटूथ आणि वाय-फाय दोन्ही चालू लागतात, आणि आपल्याकडे घरातून निघताना बॅटरी वाचावी म्हणून वाय-फाय बंद करायची सवय पुष्कळांना आहे. गाडीत बसल्यावर ब्लूटूथ जोडलं जातं, ‘टिंग’ वाजतं, आणि नकाशा काही येत नाही. मागे बसलेल्या पोरांच्या टॅबसाठी हॉटस्पॉट चालू केला तरी काही फोनमध्ये हेच होतं, आणि व्हीपीएन (फोनचं इंटरनेट वेगळ्या, बंदिस्त वाटेने नेणारी सोय) चालू असेल तरीही होऊ शकतं, ऑफिसच्या फोनमध्ये ते असतंच. अँड्रॉइड ऑटोचं वायरलेस २०१८ मध्ये थोड्या फोनपुरतं आलं आणि २०२० च्या अँड्रॉइड ११ पासून सर्रास झालं, त्याच्या आधीचा फोन असेल तर उगाच झटापट करू नका, केबल लावा.

वायरलेस आहे का नाही हेही आधी बघायचं असतं, आणि इथे महागाची गाडी म्हणजे जास्त सोयी हा हिशोब चुकतो. ह्युंदाई आणि कियाच्या भारतातल्या बऱ्याच गाड्यांमध्ये काही वर्षं अशी गंमत होती की खालच्या मॉडेलमधल्या ८ इंची स्क्रीनला वायरलेस होतं आणि वरच्या मॉडेलमधल्या १०.२५ इंची स्क्रीनला केबलच लागायची. लोक टॉप मॉडेल घेऊन सेटिंगमध्ये वायरलेस शोधत बसायचे.

केबल

आता केबल, कारण केबलवर चालणाऱ्या गाडीत पहिला संशय तिच्यावरच घ्यावा. साध्या यूएसबी केबलमध्ये चार तारा असतात, दोन विजेच्या आणि दोन डेटाच्या. पॉवर बँक, ट्रिमर, स्वस्तातले इअरबड यांच्याबरोबर येणाऱ्या कित्येक केबलमध्ये डेटाच्या तारा नसतातच, बाहेरून दिसायला सारख्याच, फोन चार्जही होतो, त्यामुळे केबल चांगली आहे असं आपण धरून चालतो. मी तीन आठवडे माझी गाडी बिघडलीय असं समजत होतो, दोनदा फोन रिसेट केला, स्क्रीन फॅक्टरी रिसेट केली, रेडिओची सगळी स्टेशनं उडवली, आणि शेवटी शोरूमच्या पोराने खिशातून स्वतःची मळकी केबल काढून लावली आणि पाच सेकंदांत नकाशा आला. तो काही बोलला नाही, नुसता हसला. केबल तपासायची सोपी युक्ती म्हणजे ती लॅपटॉपला लावून फोनमधले फोटो दिसतात का बघणं, दिसले तर डेटा केबल, नाही दिसले तर ती चार्जिंगला ठेवा आणि गाडीतून बाहेर काढा म्हणजे पुन्हा हातात यायची नाही. डेटा केबल असली तरी लांब नको, गूगलचाच सल्ला १ मीटरच्या आतली घ्या आणि मध्ये हब किंवा जोडवायर लावू नका असा आहे. मागच्या सीटपर्यंत पोचावी म्हणून घेतलेली दोन मीटरची केबल खड्ड्यात गाडी आदळली की कनेक्शन सोडते, आणि आपण दोष अ‍ॅपला देतो.

केबल बरोबर असून होत नसेल तर पोर्ट बघा. डॅशबोर्डवर दोन यूएसबी असले तर बऱ्याच गाड्यांत त्यातलं एकच स्क्रीनला जोडलेलं असतं, दुसरं नुसतं चार्जिंगचं, आणि मागच्या सीटवरचं तर जवळजवळ नेहमीच चार्जिंगचं. डेटावाल्यावर फोनचं किंवा यूएसबीच्या त्रिशूळाचं चित्र असतं, चार्जिंगवाल्यावर विजेचं किंवा बॅटरीचं. मग फोनचं स्वतःचं भोक. खिशातला कचरा, रुमालाचे धागे आत दाबले जाऊन घट्ट गादी होते आणि पिन पूर्ण आत जात नाही, चार्जिंग होतं पण डेटाचे संपर्क लागत नाहीत. फोन बंद करून लाकडी टूथपिकने हळूच काढायचं, सेफ्टी पिन किंवा सुई घालायची नाही. पावसाळ्यात कोकणात, गोव्यात, आणि मुंबईतही, आणखी एक प्रकार होतो, फोन सांगतो की पोर्टमध्ये ओलावा आहे आणि सुकेपर्यंत केबल नाकारतो. अशावेळी फुंकर मारायची नाही, फुंकरीत वाफ असते. फोन उघड्यावर हवेला ठेवायचा, आणि तोपर्यंत नुसतं ब्लूटूथ.

फोनची बाजू

अँड्रॉइड १० पासून अँड्रॉइड ऑटो फोनमध्येच बसवलेलं येतं, त्याचा आयकॉन अ‍ॅपच्या यादीत दिसत नाही, सेटिंगमध्ये शोधावं लागतं, त्यामुळे ‘माझ्या फोनमध्ये ते नाहीच’ असं म्हणणारे खूप भेटतात. केबल लावली आणि नुसतंच चार्जिंग सुरू झालं तर वरून नोटिफिकेशन खाली ओढा आणि यूएसबी ‘फाइल ट्रान्सफर’वर करून बघा. कॉन्टॅक्ट, लोकेशन, मायक्रोफोन यांच्या परवानग्या काढून घेतलेल्या असतील तर ते अर्धवट चालतं. आणि बॅटरी सेव्हर. शाओमीसारख्या काही कंपन्यांचे फोन मागे चाललेली अ‍ॅप फार तडकाफडकी बंद करतात, तिथे अँड्रॉइड ऑटोला बॅटरीच्या निर्बंधातून सूट द्यावी लागते, नाहीतर सुरुवातीला जोडलं जातं आणि घाटात नेमकं वळणावर नकाशा गायब होतो. ही अ‍ॅप प्ले स्टोअरमधून सारखी अपडेट होत असतात, तेव्हा काहीही न करता बिघडलं तर रात्रीत आलेल्या अपडेटचाही संशय घ्यावा, पुढचं अपडेट येईपर्यंत थांबणं हाही एक इलाज आहे.

आयफोनवाल्यांची यादी वेगळी. सिरी, म्हणजे आयफोनचा बोलून चालवायचा मदतनीस, बंद असेल तर कारप्ले चालत नाही, आणि सिरी नको म्हणून बंद करणारे लोक हे विसरलेले असतात. स्क्रीन टाइमच्या (फोनच्या वापरावर मर्यादा घालणाऱ्या सेटिंगच्या) निर्बंधात कारप्ले बंद झालेलं असू शकतं, मुलांसाठी लावलेले निर्बंध बापाच्या फोनवर राहून जातात तेव्हा विशेष. शिवाय २०१८ पासून आयफोनमध्ये अशी सुरक्षा आहे की फोन तासाभराहून जास्त वेळ लॉक राहिला तर केबलने जोडलेल्या वस्तूला डेटा द्यायचा नाही, म्हणून केबल लावून फोन तसाच ठेवण्याऐवजी एकदा अनलॉक करून बघा, तेवढ्यानेही काम होतं. २०२३ मध्ये आयफोन १५ ला सी टाइप पोर्ट आलं तेव्हा जुन्या लाइटनिंग केबली बाद झाल्या, आणि लोकांनी घरातली मिळेल ती सी टाइप लावायला सुरुवात केली, म्हणजे पुन्हा केबलचाच विषय.

गाडीची बाजू

गाडीत सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट म्हणजे घड्याळ. अँड्रॉइड ऑटो जोडताना फोन आणि गाडी एकमेकांची डिजिटल ओळखपत्रं तपासतात आणि ओळखपत्राला मुदत असते. गाडीची बॅटरी बदलली, किंवा महिनाभर गाडी उभी राहून बॅटरी उतरली, की काही स्क्रीनची तारीख मागे जाते, आणि गाडीच्या मते फोनचं ओळखपत्र अजून सुरूच झालेलं नसतं. स्क्रीनवर ‘कम्युनिकेशन एरर’ असं काहीतरी येतं आणि माणूस केबल बदलत बसतो. तारीख नीट करा, जमत असेल तर वेळ जीपीएसवरून घ्यायचं सेटिंग चालू ठेवा.

दुसरं म्हणजे पेअर झालेल्या फोनची यादी. तिला मर्यादा असते, आणि दिवाळीत सगळ्या भाचरांनी आपापली गाणी लावून झाली की ती भरते, मग नवीन फोन घेत नाही आणि कारणही सांगत नाही. नको ते फोन काढून टाकायचे. जुनं पेअरिंग बिघडलं असेल तर ते दोन्हीकडून काढायचं, फोनमधून गाडी आणि गाडीतून फोन, एकीकडूनच काढलं तर दुसरी बाजू जुनीच किल्ली घेऊन दार ठोकत बसते. घरात दोन फोन पेअर असतील तर भांडण वेगळंच, खाली पार्किंगमध्ये गाडी सुरू केली की ती पहिल्या मजल्यावर स्वयंपाकघरात ठेवलेल्या बायकोच्या फोनला जोडते आणि तिचा कॉल गाडीत वाजतो. यावर उपाय म्हणजे स्क्रीनमध्ये कुठल्या फोनला आधी घ्यायचं तो प्राधान्यक्रम लावणं, बहुतेक गाड्यांत तो असतो.

स्क्रीन अडकली असेल तर पॉवरचं बटण दहा-पंधरा सेकंद दाबून धरलं की बऱ्याच सिस्टीम पुन्हा सुरू होतात. नुसती चावी बंद करून लगेच चालू केल्याने स्क्रीन खरोखर बंद होतेच असं नाही, दार उघडून, गाडी लॉक करून पाच-दहा मिनिटं सोडून द्यावी लागते. फॅक्टरी रिसेट सगळ्यात शेवटी. गाडीचं सॉफ्टवेअर अपडेट नव्या गाड्यांत इंटरनेटवरून येतं, जुन्यांत पेनड्राइव्हने किंवा सर्व्हिसिंगच्या वेळी सांगून करून घ्यावं लागतं, न सांगता कुणी करत नाही.

बाहेरून बसवलेल्या अँड्रॉइड स्टिरिओची कथा जरा निराळी. ती स्क्रीन म्हणजे स्वतःच एक टॅबलेट असते आणि तिच्यात अँड्रॉइड ऑटो किंवा कारप्ले हे एखाद्या भलत्याच नावाच्या अ‍ॅपमधून चालतं, ते अ‍ॅप उघडल्याशिवाय फोन जोडला तरी काही होत नाही. केबलवाल्या गाडीला वायरलेस करणारे डोंगल मिळतात, तेही चांगले चालतात, पण जोडणीत तिसरा माणूस आला की कोणाचं चुकतंय हे शोधायला डोंगल काढून थेट केबल लावून बघावीच लागते. सुरू व्हायला ते थोडा वेळ घेतात, गेटबाहेर पडेपर्यंत धीर धरावा.

विदर्भात एप्रिल-मेमध्ये काचेखाली ठेवलेला फोन तापतो, आणि वायरलेसवर नकाशा, वर वायरलेस चार्जिंग असं दोन्ही चालू असेल तर तो आधी चार्जिंग थांबवतो, मग कधी कधी सगळंच सोडतो. एसीच्या जाळीसमोर धरला की परत येतो. हे सगळे प्रयोग गाडी बाजूला उभी करूनच करायचे, चालवताना हातात फोन धरणं मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ मध्ये धोकादायक ड्रायव्हिंगमध्ये मोजलं जातं.

सेकंडहँड गाडी घेतली तर पहिल्याच दिवशी ब्लूटूथची यादी उघडून बघावी. तिथे आधीच्या मालकाचं पूर्ण कुटुंब असतं, कधी कधी त्यांचं फोनबुकही तसंच राहिलेलं, आई, दूधवाला, सोसायटी वॉचमन, आणि आपल्या फोनला जागा नसते. आणि आपली गाडी विकताना हेच आपण केलेलं नसतं.