'जीटीके-३-यू' या नावामागे: डब्ल्यूएक्सविजेट्स सोर्समधून बांधण्याची पार्श्वभूमी

डब्ल्यूएक्सविजेट्स म्हणजे खिडक्या, बटणं, मेनू असलेले प्रोग्राम एकाच सी++ कोडमधून वेगवेगळ्या सिस्टिमसाठी लिहिण्याचं टूलकिट. लिनक्सवर ते सोर्समधून, म्हणजे मूळ कोड स्वतः कंपाइल करून, बांधलं आणि 'मेक इन्स्टॉल' (तयार फाइली सिस्टिममध्ये बसवण्याची आज्ञा) पूर्ण झालं की यूएसआर-लोकलच्या लिब फोल्डरमध्ये डझनाहून अधिक फाइली येऊन पडतात. त्यातल्या मुख्य फाइलचं नाव असं वाचायचं: 'लिबडब्ल्यूएक्स', अंडरस्कोअर, 'जीटीके-३-यू', अंडरस्कोअर, 'कोअर', आणि शेवटी आवृत्ती '३.२'. यातला प्रत्येक तुकडा कधीतरी घेतलेल्या एखाद्या निर्णयातून आला आहे. बिल्ड करताना आज ज्या अडचणी येतात, त्यांतल्या बहुतेकांची मुळंही त्याच निर्णयांत सापडतात.

सुरुवात १९९२ची, एडिंबरा विद्यापीठातली. तिथल्या आर्टिफिशियल इंटेलिजन्स ॲप्लिकेशन्स इन्स्टिट्यूटमध्ये ज्युलियन स्मार्ट 'हार्डी' नावाचं आकृत्या काढण्याचं साधन लिहीत होते. ते सनच्या युनिक्स वर्कस्टेशनवरही चालायला हवं होतं आणि विंडोजवरही. त्यासाठी बाजारात मिळणारी टूलकिट्स परवडणारी नव्हती, म्हणून त्यांनी स्वतःच एक पातळ थर लिहिला. विंडोजचा 'डब्ल्यू' आणि युनिक्सवरच्या एक्स विंडो सिस्टिमचा 'एक्स' मिळून 'डब्ल्यूएक्स' हे नाव तयार झालं. पहिल्या रूपात खाली युनिक्सच्या बाजूला एक्सव्ह्यू हे टूलकिट होतं, विंडोजच्या बाजूला मायक्रोसॉफ्टचं एमएफसी.

बटण स्वतः रंगवायचं नाही, ज्या सिस्टिमवर प्रोग्राम चालतो तिच्याकडूनच मागून घ्यायचं, हे तत्त्व तेव्हापासून कायम आहे. क्यूटी या दुसऱ्या टूलकिटने बव्हंशी याच्या उलटा रस्ता धरला आणि विजेट्स स्वतः रंगवली. सोर्समधून बांधणाऱ्याला हा फरक पहिल्याच मिनिटाला जाणवतो, कारण डब्ल्यूएक्सच्या खाली सिस्टिमचं मूळ टूलकिट हजर असावंच लागतं.

युनिक्सच्या बाजूला एक्सव्ह्यूनंतर मोटिफ हे टूलकिट आलं, पण ते तेव्हा मुक्त नव्हतं. १९९७मध्ये रॉबर्ट रोब्लिंग यांनी जीटीके या मुक्त टूलकिटवरचा पोर्ट (त्यावर चालणारं रूप) सुरू केला आणि लिनक्सवर तोच रुळला. नावातला 'जीटीके-३' म्हणजे याच टूलकिटची तिसरी आवृत्ती. त्यामुळे आज कॉन्फिगर स्क्रिप्ट (बिल्डआधी मशीन तपासणारा छोटा प्रोग्राम) सगळ्यात आधी अडते ती जीटीकेच्या डेव्हलपमेंट फाइली मिळाल्या नाहीत म्हणून. मशीनवर जीटीकेचे प्रोग्राम व्यवस्थित चालत असतात, त्यामुळे लोक गोंधळतात. चालवायला लागते ती लायब्ररी वेगळी, आणि कंपायलरला लागणारी हेडर्स, म्हणजे लायब्ररीत काय काय आहे हे सांगणाऱ्या फाइली, वेगळी. डेबियन आणि उबुंटूवर 'लिबजीटीके-३-डेव्ह' हे पॅकेज घ्यायचं, फेडोरावर 'जीटीके३-डेव्हेल'. ओपनजीएलचा कॅनव्हास, म्हणजे त्रिमिती चित्रं काढायची जागा, हवा असेल तर मेसाच्या जीएल आणि जीएलयूची डेव्ह पॅकेजंही लागतात. ती नसली तर कॉन्फिगर तो भाग गाळून पुढे जाऊ शकतो आणि खोट कळते ती शेवटी स्वतःचा प्रोग्राम लिंक करताना. म्हणून कॉन्फिगर संपल्यावर तो जो सारांश छापतो तो वाचल्याशिवाय 'मेक' ही कंपाइल करण्याची आज्ञा देऊ नये. काही बिनसलं असेल तर खरं कारण 'कॉन्फिग डॉट लॉग'मध्ये असतं, पडद्यावरच्या शेवटच्या ओळीत नसतं.

आता नावातला 'यू', म्हणजे युनिकोड: सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना एकच क्रमांकपद्धत देणारं मानक. मराठीत सॉफ्टवेअर करणाऱ्यांच्या दृष्टीने या सगळ्या इतिहासातला हा सर्वांत मोलाचा भाग आहे. विंडोज ९५, ९८ आणि एमई यांच्यात युनिकोडचे सिस्टिम कॉल जवळजवळ नव्हते. त्यामुळे २.८ पर्यंत एकाच सोर्समधून दोन वेगळ्या लायब्रऱ्या बांधल्या जात: ॲन्सी (प्रत्येक लिपीसाठी वेगळा अक्षरसंच, म्हणजे कोडपेज) आणि युनिकोड. विंडोजवर एनमेक या बिल्डच्या साधनाला 'युनिकोड बरोबर १' असं मुद्दाम सांगितलं नाही तर ॲन्सीच मिळे. रशियन, ग्रीक, अरबी, थाई यांच्यासाठी विंडोजमध्ये ॲन्सी कोडपेज होतं, देवनागरीसाठी नव्हतंच. विंडोज २०००ने मराठी आणि हिंदीला जागा दिली ती फक्त युनिकोडमधून. म्हणजे ॲन्सी बिल्डमध्ये मराठी दाखवायचं तर इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसवलेले फॉन्ट वापरणं एवढाच मार्ग उरे. तो मजकूर दुसऱ्या फॉन्टमध्ये उघडला की अगम्य अक्षरं दिसत.

युनिकोड बिल्डची वेगळी कटकट होती. प्रत्येक स्ट्रिंग 'डब्ल्यूएक्सटी' या मॅक्रोत गुंडाळावी लागे. एक जरी सुटली तरी ॲन्सीत बिनतक्रार चालणारा कोड युनिकोडमध्ये कंपाइल होत नसे. २.९च्या विकासमालिकेत हे दोन प्रवाह एकत्र केले गेले आणि नोव्हेंबर २०१३मध्ये आलेल्या ३.०पासून युनिकोड हाच स्थिर आवृत्तीचा नेहमीचा बिल्ड झाला. ३.३मध्ये ॲन्सीचा पर्याय काढूनच टाकला आहे.

एक खाचखळगा मात्र ३.२ वापरणाऱ्यांनी लक्षात ठेवावा. साध्या अवतरणचिन्हांत लिहिलेली 'नमस्कार' ही स्ट्रिंग त्या वेळच्या लोकेलच्या (सिस्टिमच्या भाषा-सेटिंगच्या) एन्कोडिंगने वाचली जाते. लिनक्सवर लोकेल यूटीएफ-८ असेल तर ती बरोबर दिसते. विंडोजवर तीच रिकामी किंवा विचित्र चिन्हांची होते. तिथे 'फ्रॉम-यूटीएफ-८' हे फंक्शन वापरावं, किंवा 'एल' लावलेली रुंद स्ट्रिंग लिहून व्हिज्युअल सी या मायक्रोसॉफ्टच्या कंपायलरला यूटीएफ-८चा स्विच द्यावा. एवढं पाळलं की 'ज्ञ', 'त्र', 'र्‍या' अशी जोडाक्षरं आपोआप नीट जुळतात, कारण अक्षरजुळणी डब्ल्यूएक्स करतच नाही. ती लिनक्सवर पँगो करतो, विंडोजवर युनिस्क्राइब, मॅकवर कोअर टेक्स्ट. १९९२च्या त्या तत्त्वाचा मराठीला झालेला हा थेट फायदा आहे.

२००४पर्यंत या टूलकिटचं नाव डब्ल्यूएक्सविंडोज होतं. मायक्रोसॉफ्टने 'विंडोज' या शब्दावर हरकत घेतल्यावर ते डब्ल्यूएक्सविजेट्स झालं. कोडमधला 'डब्ल्यूएक्स' उपसर्ग तसाच राहिल्याने कुणाला प्रोग्राम बदलावे लागले नाहीत.

मेकफाइलींचा इतिहास जास्त गुंतागुंतीचा आहे. आधी त्या टीमेक या साधनातून निघत. २.५च्या मालिकेत वात्स्लाव स्लाविक यांचं बेकफाइल आलं. भाषांतरासाठी वापरलं जाणारं पोएडिट हेही त्यांचंच. बेकफाइलमध्ये एकाच वर्णनातून प्रत्येक कंपायलरची मेकफाइल तयार होते. म्हणूनच 'बिल्ड' फोल्डरमधल्या 'एमएसडब्ल्यू'मध्ये व्हिज्युअल सीसाठी एक आणि जीसीसीसाठी दुसरी अशा फाइली शेजारी शेजारी दिसतात. सीमेकची सोय त्यानंतर आली आणि आज कॉन्फिगर, या तयार मेकफाइली आणि सीमेक हे तिन्ही मार्ग चालतात.

विंडोजवर सगळ्यात जास्त विचारली जाणारी चूक म्हणजे 'सेटअप डॉट एच' सापडत नाही. कोणते भाग घ्यायचे हे ठरवणारी ही फाइल बिल्डच्या वेळी प्रत्येक प्रकारासाठी वेगळी तयार होते आणि 'इन्क्लूड'मध्ये न जाता 'लिब'खालच्या त्या त्या बिल्डच्या फोल्डरात, उदाहरणार्थ 'एमएसडब्ल्यूयू'मध्ये, जाते. डीबग बिल्ड असेल तर त्या नावाला शेवटी 'डी' लागतो. व्हिज्युअल सी वापरणाऱ्याने 'इन्क्लूड'मधलं 'एमएसव्हीसी' हे फोल्डर यादीत पहिलं ठेवावं. तिथली फाइल योग्य 'सेटअप डॉट एच' निवडते आणि लायब्रऱ्याही आपणच लिंक करते. लायब्ररी 'शेअर्ड बरोबर १' देऊन डीएलएल म्हणून बांधली असेल तर प्रोग्राममध्ये 'डब्ल्यूएक्सयूझिंगडीएलएल' डिफाइन करायलाच हवं.

गिटवरून कोड घेणाऱ्यांना अलीकडची एक अडचण भेटते. झेडलिब, पीएनजी, जेपेग, एक्सपॅट अशा सोबतच्या लायब्रऱ्या आता सबमॉड्यूल, म्हणजे मुख्य कोडला जोडलेल्या वेगळ्या गिट रिपॉझिटरी, आहेत. क्लोन करताना सबमॉड्यूलसकट घेतलं नाही, किंवा गिटहबने आपोआप बनवलेली झिप उतरवली, तर 'एसआरसी'खालचं झेडलिबचं फोल्डर रिकामं राहतं आणि हेडर नसल्याची तक्रार येऊन बिल्ड थांबतो. रिलीझच्या पानावरची टारबॉल घेतली तर सगळं आत असतं.

एक्सच्या जागी वेलँड ही नवी डिस्प्ले सिस्टिम आल्यावर ३.२मध्ये ओपनजीएलच्या कॅनव्हासने जुन्या जीएलएक्सऐवजी ईजीएल धरलं. हे दोन्ही ओपनजीएलला डिस्प्ले सिस्टिमशी जोडणारे थर आहेत. मशीनवरचं ग्लू (GLEW, ओपनजीएलची फंक्शनं मिळवून देणारी लायब्ररी) जीएलएक्ससाठी बांधलेलं असेल तर ते ईजीएलच्या संदर्भात सुरूच होत नाही, आणि बटणं-मेनू ठीक असताना त्रिमिती चित्राची जागा मात्र कोरी राहते. अशा वेळी 'डिसेबल-जीएलकॅनव्हासईजीएल' देऊन लायब्ररी पुन्हा बांधावी. मॅकवरही असाच एक सांधा बदलला: २.८ कार्बन या ॲपलच्या जुन्या टूलकिटवर होतं, ॲपलने कार्बनला ६४ बिट दिलं नाही, म्हणून २.९पासून ॲपलचंच कोको आलं. आज इंटेल आणि ॲपल सिलिकॉन या दोन्हींसाठी एकच बायनरी हवी असेल तर युनिव्हर्सल बायनरीच्या स्विचला दोन्ही आर्किटेक्चरची नावं द्यायची.

इन्स्टॉल करताना सोर्स फोल्डरातच बांधू नये. वेगळं फोल्डर करून तिथून कॉन्फिगर चालवावा, म्हणजे जीटीके २ आणि ३, डीबग आणि रिलीझ हे बिल्ड एकमेकांत मिसळत नाहीत. 'मेक इन्स्टॉल'नंतर 'एलडीकॉन्फिग' (नव्या लायब्रऱ्यांची सिस्टिमकडे नोंद करणारी आज्ञा) चालवायचं राहिलं तर प्रोग्राम कंपाइल होतो, पण चालवल्यावर शेअर्ड लायब्ररी उघडता आली नाही असं सांगून बंद पडतो. डिस्ट्रोचं पॅकेज आधीपासून असेल तर मशीनवर दोन 'डब्ल्यूएक्स-कॉन्फिग' (हेडर आणि लायब्रऱ्या कुठे आहेत हे कंपायलरला सांगणारी स्क्रिप्ट) होतात आणि पाथमध्ये जे आधी येतं ते उत्तर देतं. हेडर एका आवृत्तीचे आणि लायब्ररी दुसरीची झाली की प्रोग्राम सुरू होतानाच आवृत्त्या जुळत नसल्याचा घातक एरर देऊन थांबतो. 'डब्ल्यूएक्स-कॉन्फिग'ला 'लिस्ट' विचारून कोणते बिल्ड दिसतात ते आधी पाहावं, किंवा सुरुवातीलाच कॉन्फिगरला 'प्रीफिक्स' (इन्स्टॉलची जागा) देऊन लायब्ररी होम फोल्डरात ठेवावी. बिल्डचं फोल्डर लगेच पुसू नये, कारण 'मेक अनइन्स्टॉल' तिथूनच चालतं.