चैत्र-वैशाखातलं नाशिक आणि तुमच्या मंडपाची तारीख
ग्राहकांसाठी माहितीपत्रक

पाडव्यापासून मे अखेरपर्यंत आमच्या पंचवटीतल्या मंडप-सामानाच्या दुकानात एक वाक्य रोज ऐकू येतं : "अहो, पंधरा दिवस आधी आलोय, तरी सामान नाही म्हणता?" लग्नसराई हे त्याचं अर्धं उत्तर. उरलेलं अर्धं गावातल्या उत्सवांत आहे. इथे एक उत्सव उतरायच्या आत दुसरा चढतो, आणि कधी कधी दोन एकाच पेठेत एकाच संध्याकाळी येतात. कोणता उत्सव कुठून आला आणि कुठे भरतो, हे ठाऊक असलं की तारीख धरताना डोकं कमी दुखतं. म्हणून हे पत्रक.

२०२४ सालचं बघा. ३० मार्चला रंगपंचमी, ९ एप्रिलला पाडवा, ११ ला ईद, १४ ला आंबेडकर जयंती, १७ ला रामनवमी, १९ ला पंचवटीतल्या काळाराम मंदिराचा रथ, २१ ला महावीर जयंती आणि २३ ला हनुमान जयंती. आमच्या पोरांना त्या महिन्यात जेवायला वेळ नव्हता. यातली आंबेडकर जयंती इंग्रजी तारखेला पक्की असते. पाडवा, रामनवमी, रथ तिथीवर चालतात. दर वर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतात आणि अधिक मास आला की पुन्हा पुढे जातात. हिजरी वर्षात अधिक मास नसतोच, त्यामुळे ईद दर वर्षी अलीकडे सरकतच राहते. म्हणून "गेल्या वर्षी या तारखेला रस्ता मोकळा होता" या भरवशावर राहू नका. अधिक मासाचा एक फायदाही सांगून ठेवतो : २०२६ मध्ये १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ आहे. त्या महिन्यात लग्नाचे मुहूर्त नाहीत, तेव्हा वाढदिवस, निरोप समारंभ, गच्चीवरची मैफल असं काही असेल तर खुर्च्या हव्या तेवढ्या मिळतील.

उन्हाळ्याची सुरुवात आम्ही रहाडीपासून धरतो. महाराष्ट्रात बऱ्याच ठिकाणी धुळवडीला रंग खेळतात, नाशिक रंगपंचमीला. रहाड म्हणजे जुन्या नाशकात आणि पंचवटीत भर चौकात असलेला दगडी बांधणीचा हौद. या रहाडी पेशवेकाळापासूनच्या मानल्या जातात. वर्षभर त्यावर लाकडी ओंडके आणि माती असते, वरून रिक्षा-स्कूटर जातात, आणि नव्या माणसाला खाली काही आहे याचा पत्ताही नसतो. रंगपंचमी आली की ती उघडून साफ करतात, फुलं उकळून केलेला रंग भरतात, मानकऱ्यांच्या हस्ते पूजा होते, आणि मग धप्पे, म्हणजे रहाडीत उड्या, सुरू. तिवंधा चौक, दिल्ली दरवाजा, शनी चौक या रहाडी प्रसिद्ध, आणि प्रत्येकीचा रंग ठरलेला. कडेची माणसंही सुकी राहत नाहीत, हे ओघानं आलंच. या चौकांच्या आसपास त्या दिवशी पांढरी कनात आम्ही देत नाही. कृपया आग्रह करू नये.

पाडव्याला स्वागतयात्रा निघतात आणि त्याच्या आगेमागे गोदाघाटावर ढोलांचं महावादन, महारांगोळी, गाणं-नृत्य असे कार्यक्रम होतात. हा प्रकार तसा अलीकडचा, पण घाट भरून जातो.

खरा मोठा दिवस चैत्र शुद्ध एकादशीचा, कामदा एकादशी, म्हणजे रथाचा दिवस. काळारामाचं आजचं काळ्या दगडातलं देऊळ सरदार रंगराव ओढेकरांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस बांधवलं, आणि रथाची परंपराही पेशवाईतलीच. रथ दोन : गरुडरथ आणि रामरथ. रामरथ ओढण्याचा मान रास्ते आखाडा तालीम संघाचा, गरुडरथाचा अहिल्याराम व्यायामशाळेचा. मानाचे पुजारी रामरथापुढे हात जोडून, देवाकडे तोंड करून, पूर्ण मार्ग उलट्या पावली चालतात. गरुडरथ नदी ओलांडून जुन्या नाशकात जातो, रामरथ गोदावरी ओलांडत नाही. रथाच्या वाटेवर रस्त्याला आडवी कमान आम्ही बांधत नाही, कितीही पैसे दिले तरी.

याच रथाशी जोडलेली एक गोष्ट उत्सवाच्या पत्रकांत सहसा छापत नाहीत, ती आम्ही छापतो. २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिर प्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला. दादासाहेब गायकवाड त्यात पुढे होते. त्या वर्षी रथ सवर्ण आणि सत्याग्रही अशा दोन्ही बाजूंच्या माणसांनी मिळून ओढायचा असं ठरलं होतं, पण सत्याग्रहींचा हात दोराला लागायच्या आत रथ पळवला गेला, आणि पुढे दगडफेक झाली. सत्याग्रह त्यानंतरही काही वर्षं चालला. म्हणून नाशकात १४ एप्रिलची मिरवणूक आणि एकादशीचा रथ एका आठवड्यात आले, की दोन्हीकडे सामान पोचवणाऱ्या आमच्यासारख्यांना हा शेजार नुसता पंचांगाचा वाटत नाही.

रामनवमी ते चैत्र पौर्णिमा सप्तशृंगी गडावर चैत्रोत्सव असतो. खानदेशातून भाविक पायी येतात, वाटेवर पाण्याचे आणि नाश्त्याचे मांडव पडतात. ताडपत्र्या त्या दिवसांत तिकडे जातात, एवढंच.

मे महिना व्याख्यानांचा. वसंत व्याख्यानमालेची कल्पना मूळ पुण्याची, न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ मध्ये सुरू केलेली. नाशिकच्या मालेनंही शंभरी ओलांडली आहे. ती भरते गोदाघाटावरच्या देवमामलेदार यशवंतराव महाराज पटांगणावर, म्हणजे दुष्काळात सरकारी खजिना लोकांसाठी उघडणाऱ्या सटाण्याच्या मामलेदारांच्या नावानं ओळखल्या जाणाऱ्या जागी. महिनाभर रोज संध्याकाळी, उघड्यावर, फुकट. आमच्या मते हा गावातला सगळ्यात कमी खर्चाचा आणि सगळ्यात जास्त टिकलेला कार्यक्रम : एक स्टेज, एक बरा माईक आणि खुर्च्या. त्या भागात मे महिन्यात संध्याकाळचं संगीत ठेवणार असाल, तर आवाजाची दिशा घाटाकडे नको.

आवाजावरून आठवलं. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपक बंद. वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस रात्री १२ पर्यंत सवलत देता येते, तीही सण-उत्सवांसाठी. तुमच्या घरची हळद त्यात बसत नाही. दहाला आमचा माणूस ॲम्प्लिफायर बंद करील, त्याच्याशी वाद घालू नये.

तारीख ठरवण्याआधी कार्याची जागा, वेळ आणि जवळचा चौक सांगा, आम्ही पंचांग काढून बसतोच. रथाच्या दिवशी दुपारनंतर आमचा टेम्पो पंचवटीत शिरणार नाही. सामान आदल्या रात्री उतरवून घ्यावं लागेल, आणि राखणीला घरचं एक माणूस हवं.