अनुभवाच्या रकान्यात काय लिहू?

आमच्याकडे बायोडाटा टाइप करून घेणाऱ्यांसाठी. मुलाखतीच्या आदल्या रात्री घरी बसून वाचा. सकाळच्या एसटीत उभ्याने वाचून डोक्यात काही शिरत नाही.

बायोडाटा टाइप करताना आमचा हात रोज एकाच ठिकाणी अडतो. नाव, पत्ता, शिक्षण, छंद सगळं झरझर होतं आणि 'अनुभव' आला की समोरचा मान खाली घालून म्हणतो, "काही नाही भाऊ, निरंक टाका." आम्ही निरंक टाकत नाही. आधी विचारतो, घरी काय करतोस?

मागे रावेरकडचा एक मुलगा आला होता. बी.एस्सी. झालेला, ठिबकच्या कंपनीत मुलाखत. घरी केळी. पाणी कोण बघतं, तर म्हणे मीच. ठिबक चोक झाली तर काय करतोस? मग गडी बोलायला लागला. नळ्यांची शेवटची टोकं उघडून फ्लश करतो, क्षार धरले असतील तर आम्ल सोडतो, विद्राव्य खत वेंचुरीतून, म्हणजे पाण्याच्या लाइनीत खत ओढून घेणाऱ्या नळीतून देतो, लाइट रात्रपाळीची असली की मोटर चालू करायला रात्री दोनला उठतो. मृगबागेला (जून-जुलैत लावलेल्या केळीला) पाणी किती आणि कांदेबागेला (ऑक्टोबरच्या सुमारास लावलेल्या) किती, तेही सांगितलं. एवढं सगळं सांगून शेवटी म्हणतो, "पण अनुभव नाही ना!"

आम्ही टाइप केलं: 'घरच्या केळीबागेतील ठिबक संचाची तीन वर्षे देखभाल, फ्लशिंग, आम्लप्रक्रिया, वेंचुरीद्वारे खत.' एकच ओळ, पण मुलाखतीतले निम्मे प्रश्न त्याच ओळीवर आले. जळगावात पाइप आणि ठिबकचा धंदा मोठा. टेबलापलीकडचा माणूसही बहुधा कुणाच्या तरी शेतात चिखल तुडवून आलेला असतो, त्याला ही भाषा लगेच कळते.

म्हणून तुम्हीही आज रात्री एका कागदावर तीन गोष्टी लिहा: काय केलं, किती दिवस केलं, आणि एकदा बिघडलं तेव्हा काय केलं. तिसरी सगळ्यात महत्त्वाची. आईच्या बचत गटाची वही लिहीत असाल तर सभासद किती, आणि महिनाअखेर हिशोब जुळला नाही तेव्हा चूक कुठे सापडली, तेवढं सांगा. मामाच्या किराणा दुकानात बाजारच्या दिवशी गल्ल्यावर बसला असाल तर उधारी कशी मागितली ते सांगा. सराफाच्या दुकानात काउंटरवर माणूस घेताना तेच बघतात. फुगवू मात्र नका. मामाच्या दुकानाला 'रिटेल मॅनेजमेंट' म्हटलं की पुढचा प्रश्न अवघडच येणार. आयटीआयनंतर अप्रेंटिसशिप केली असेल, किंवा २०२४ मध्ये सुरू झालेल्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत कुठल्या कार्यालयात बसला असाल, तर ते शिक्षणाच्या खाली नको, थेट अनुभवात येऊ द्या.

कधीकधी कुणी हळू आवाजात विचारतं, "दोन वर्षांचा दाखला बनवून मिळेल का?" मिळणार नाही. आमच्या तत्त्वांचं सोडा, तुमचं नुकसान सांगतो. पीएफ कापणाऱ्या कंपनीत काम केलेल्याचा यूएएन, म्हणजे पीएफ खात्याचा कायमचा नंबर असतो आणि आधी कुठे, कधी होता ते त्यावर दिसतं. एचआरने नंबर मागितला की खोटा दाखला तिथेच उघडा पडतो. नवखा माणूस चालतो, खोटा नाही चालत.

दुसरा अडणारा प्रश्न: "पदवी होऊन दोन वर्षं झाली, एवढे दिवस काय केलं?" आपल्याकडे बहुतेकांचं उत्तर एकच, भरतीची तयारी. ते लपवू नका. पहाटे उठून ग्राउंडवर १६०० मीटर धावणारा पोरगा सकाळच्या शिफ्टला वेळेवर येईल, हे साहेबाला कळतं. त्याची भीती वेगळी असते: जाहिरात निघाली की हा पळणार. तेव्हा वय संपलं असेल तर तसं सांगा. अजून फॉर्म भरणार असाल तरी सांगा, आणि किमान किती दिवस नक्की थांबाल तेही सांगा. "आता भरतीचं नावच काढणार नाही" यावर कुणाचा विश्वास बसत नाही, आमचाही नाही.

बोलण्याचं दडपण फार जण घेतात. घरी 'माले-तुले' बोलणारी मुलं मुलाखतीत 'मायसेल्फ'ने सुरू करतात आणि तिसऱ्या वाक्याला अडकतात. प्रश्न इंग्रजीत आला आणि समजला नाही तर "सर, मराठीत सांगू का?" असं सरळ विचारा. नाही म्हणाले तर तोडकंमोडकं बोला, पण पाठ केलेलं नको. बोलताना अहिराणी शब्द निसटला तर माफी मागू नका, पुढे चला. येत नसेल ते "येत नाही, दाखवलंत तर शिकेन" म्हणा आणि थांबा.

तुम्हीही विचारायचं असतं. हजेरी कंपनीची की कंत्राटदाराची? पीएफ कापतात का? शिफ्ट फिरती आहे का? रात्रीची शिफ्ट सुटल्यावर एरंडोल-पारोळ्याकडे जायला गाडी नसेल तर आधीच बोललेलं बरं.

आणि मुलाखतीसाठी पैसे मागितले तर उठून या. भुसावळ जवळ असल्याने 'रेल्वेत चिकटवून देतो' म्हणणारे आपल्याकडे कमी नाहीत. केंद्र सरकारने १ जानेवारी २०१६ पासून गट क आणि गट ड च्या पदांसाठी मुलाखतच बंद केली आहे. जी मुलाखत होतच नाही, ती 'सेट' करायचे पैसे कसले?

बारीकसारीक: मूळ प्रमाणपत्रं दाखवा, ठेवून घेऊ देऊ नका, झेरॉक्स द्या. बायोडाटावर स्वतःचा चालू नंबर हवा, चुलतभावाचा नको. मे महिन्यात टाय-कोट नको, धुतलेला सुती शर्ट पुरे; रुमाल दोन घ्या आणि अर्धा तास आधी पोचून सावलीत घाम वाळू द्या.

मुलाखत झाली की विचारलेले प्रश्न विसरायच्या आत लिहून काढा आणि जमलं तर आम्हालाही सांगा. पुढच्या मुलाखतीआधी अनुभवाची ओळ बदलायची असेल तर या. तुमची फाइल आमच्या कॉम्प्युटरवर असते, दुरुस्तीचे पैसे नाहीत, फक्त प्रिंटचे. मंगळवारी दुपारी लाइट जाते, तेवढी वेळ टाळा.