पिवळं झालं तर बरं

मागच्या मे महिन्यात भर दुपारी एक तरुण आमच्या दारात उभा राहिला. पाठीला सॅक, गळ्यात ओळखपत्र. "मॅडम, फक्त दोन मिनिटं, पाणी तपासून देतो, फ्री." शेजारच्या काकू आवाज ऐकून आल्याच. त्यानं एका ग्लासात आमच्या नळाचं पाणी घेतलं, दुसऱ्यात सोबतच्या बाटलीतलं आरओचं. सळ्या लावलेला एक डबा दोन्ही ग्लासांवर बसवला आणि बटण दाबलं. बघता बघता नळाच्या पाण्यात हिरवट-तपकिरी चोथा तरंगायला लागला. आरओचं पाणी होतं तसंच नितळ.

"हे रोज पोटात जातंय तुमच्या," तो म्हणाला. काकूंनी पदर तोंडाला लावला.

मी आत जाऊन मिठाची बरणी आणली आणि त्याच्या नितळ पाण्यात चिमूटभर मीठ टाकलं. अर्ध्या मिनिटात त्याचंही तसंच झालं. चहा न घेताच तो निघाला.

यात जादू काही नाही. त्या सळ्यांपैकी एक लोखंडाची असते. पाण्यात क्षार असले की वीज वाहते आणि लोखंड विरघळून त्याचा गंज तयार होतो. चोथा पाण्यातला नसतो, सळईतला असतो. आरओच्या पाण्यात क्षार फारच कमी, म्हणून वीज जवळजवळ वाहत नाही, म्हणून गंज नाही.

आरओ फिल्टर विकणाऱ्या या मंडळींचं दुसरं शस्त्र म्हणजे टीडीएस मीटर (टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेले एकूण क्षार). तेही पाण्यातून वीज किती सहज जाते एवढंच मोजतं आणि त्यावरून क्षारांचा अंदाज देतं. जंतूंशी त्याचा काही संबंध नाही. डिस्टिल्ड वॉटरमध्ये पटकीचे जंतू सोडा, मीटर शून्याच्या आसपासच दाखवेल. पुण्याला मुख्यतः खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर या साखळीचं पाणी मिळतं. सह्याद्रीच्या काळ्या कातळावरून उतरलेला हा पाऊस मुळातच मऊ असतो. आमच्या नळाला मीटर शंभरच्या आत थांबतं. भारतीय मानकाप्रमाणे लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत क्षार चालतात. जिथे टीडीएस ५००च्या आत आहे तिथे आरओ नकोच, असं राष्ट्रीय हरित लवादानं २०१९ मध्ये म्हटलं होतं, ते उगीच नव्हे. बोअरचं किंवा टँकरचं जड पाणी पिणाऱ्यांची गोष्ट वेगळी.

मग पुण्यात पाण्यातून कोणी आजारी पडत नाही का? पडतं. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्त्याच्या परिसरात गिया-बारे सिंड्रोमची साथ आली, रुग्णांचा आकडा दोनशेच्या वर गेला. अनेकांच्या नमुन्यांत कॅम्पायलोबॅक्टर हा जिवाणू सापडला. त्याच्याशी लढायला तयार झालेली प्रतिपिंडं चुकून आपल्याच मज्जातंतूंवर चालून जातात आणि हातपाय लुळे पडतात. हा जिवाणू टीडीएस मीटरला दिसत नाही. पण क्लोरीनपुढे तो फार वेळ टिकतही नाही.

आता माझ्या आवडीचा विषय. कॉलेजात रसायनशास्त्र शिकवताना मी यावर दोन तास घेत असे, इथे आवरतं घेते.

क्लोरीन पाण्यात मिसळला की हायपोक्लोरस आम्ल तयार होतं. हे आम्ल दुबळं आहे. त्याचे काही रेणू हायड्रोजन सोडून देतात आणि हायपोक्लोराइट आयन बनतात. पाणी आम्ल की अल्कधर्मी ते सांगणारा आकडा म्हणजे पीएच; तो साधारण ७.५ असला की दोघं निम्मेनिम्मे असतात. जिवाणूच्या पृष्ठभागावर ऋण भार असतो. हायपोक्लोराइटवरही ऋण भार, त्यामुळे तो दारातच अडतो. हायपोक्लोरस आम्लाच्या रेणूवर भारच नाही आणि तो चणीनंही लहान, त्यामुळे तो भिंतीतून आत शिरतो आणि जिवाणूची विकरं (एन्झाइम) निकामी करतो. पीएच ६.५ असेल तर दहातले नऊ रेणू या कामाच्या रूपात असतात, ८.५ असेल तर जेमतेम एक. क्लोरीन तेवढाच घातलेला, पण मारा कुठल्या कुठे! बोअरचं अल्कधर्मी पाणी टाकीत मिसळणाऱ्या सोसायट्यांनी हे लक्षात घ्यावं.

याहून मजेशीर गोष्ट पुढे आहे. पाण्यात सांडपाणी झिरपलं की त्याबरोबर अमोनिया येतो. समजा लिटरभर पाण्यात अमोनियाच्या रूपात १ मिलिग्रॅम नायट्रोजन आहे. त्यात क्लोरीन वाढवत चला. सुमारे ५ मिलिग्रॅमपर्यंत क्लोरीन अमोनियाला चिकटून क्लोरामाइन बनवतो आणि तपासणीत शिल्लक क्लोरीन वाढताना दिसतो. त्यानंतर मात्र आणखी घालावा तशी शिल्लक घटते! जादा क्लोरीन त्या क्लोरामाइनलाच फोडतो आणि नायट्रोजन वायू होऊन उडून जातो. आठ-साडेआठ मिलिग्रॅमच्या सुमारास आलेख तळाला टेकतो. तिथून पुढे घातलेला क्लोरीन मोकळा राहतो, आणि जंतूंना खरा धाक असतो तो या मोकळ्या क्लोरीनचा. या वळणाला ब्रेकपॉइंट म्हणतात. (फळ्यावर हा आलेख काढला की मागच्या बाकावरची मुलं उठून बसायची.) नाकात झोंबणारा तो पोहण्याच्या तलावाचा वास बहुतेक वेळा या क्लोरामाइनांचाच असतो. म्हणजे वास उग्र म्हणून क्लोरीन जास्त, असं नेहमीच नसतं. घाण जास्त आणि क्लोरीन अपुरा, असंही असू शकतं.

आपल्या मानकानुसार पाण्यात लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम मोकळा क्लोरीन उरायला हवा. हजार लिटरच्या टाकीत तो होतो ०.२ ग्रॅम, चिमूटभर मिठाहून कमी. पर्वतीच्या जलशुद्धीकरण केंद्रात तुरटीनं गाळ बसवला, वाळूतून गाळलं, क्लोरीन दिला, तरी पुढचा प्रवास लांबचा. पाणी काही तासच येतं. ते गेलं की नळीतला दाब जातो आणि फटीतून शेजारच्या गटाराचं पाणी आत ओढलं जातं. त्या वेळी सोबत असते ती एवढ्याशा क्लोरीनची. क्लोरीनला न जुमानणारे जीवही आहेत. अमेरिकेत मिलवॉकी शहरात १९९३ मध्ये क्रिप्टोस्पोरिडियम या परजीवीमुळे सुमारे चार लाख लोक आजारी पडले. तिथे गाळणंच नीट व्हावं लागतं. पाणी उकळलं की तोही मरतो.

काकूंचा मुलगा नेदरलँड्सला असतो. "तिकडं म्हणे नळालाच तोंड लावतात, आणि क्लोरीनचा वासही नसतो." खरं आहे. तिथे नळाच्या पाण्यात क्लोरीन ठेवतच नाहीत. पण तिथल्या नळ्यांत चोवीस तास दाब असतो आणि गळती अगदी कमी. शिवाय जंतूंना खायला मिळेल असं सगळं पाण्यातून आधीच काढून टाकतात. आम्सटरडॅमला तर पाणी समुद्रकाठच्या वाळूच्या टेकड्यांतून मुरवून घेतात. लंडनच्या पाण्यात मात्र क्लोरीन असतो. आपल्याकडे पुरी शहरात २०२१ पासून चोवीस तास थेट पिता येईल असं पाणी नळाला येतं. कळीचा मुद्दा दाबाचा आहे, गोऱ्या कातडीचा नाही.

जाता जाता: 'अल्कलाइन वॉटर'चं मशीन लाखाच्या घरात विकतात. जठरात पीएच दोनच्या आसपास असतो. ते पाणी तिथे पोचलं की त्याची अल्कता विरलीच. आजीचा तांब्याचा हंडा परवडला. त्यात रात्रभर ठेवलेल्या पाण्यातले बरेच जिवाणू खरोखरच मरतात. त्यात 'ऊर्जा' वगैरे काही उतरत नाही.

त्या विक्रेत्यानंतर मला राहवेना. ग्रामपंचायतीचे कर्मचारी रोज करतात ती ओटी टेस्ट मी आमच्या सोसायटीत केली. परीक्षानळीत पाणी, त्यात ऑर्थोटोलिडिनचे थेंब. मोकळा क्लोरीन असेल तर क्षणात पिवळं होतं. (हे पाणी तोंडात जाऊ द्यायचं नाही, रसायन विषारी आहे.) रस्त्यावरून येणाऱ्या लाइनचं पाणी छान पिवळं झालं. जमिनीखालच्या टाकीतलं फिकट. गच्चीवरच्या टाकीतलं आणि माझ्या स्वयंपाकघरातलं, काहीच नाही. आरओवाल्या घरातही काहीच नाही. तिथे ते अपेक्षितच, कारण आरओच्या पडद्याला क्लोरीन सोसत नाही म्हणून कार्बन फिल्टर तो आधीच काढून टाकतो. म्हणजे आरओच्या टाकीत साठलेल्या पाण्याला राखणदारच नाही.

वॉचमन दादांनी गच्चीवरच्या टाकीचं झाकण उघडलं. झाकणाला बोटभर फट, तळाला चार बोटं गाळ, आणि गाळात अर्धा रुतलेला मुलांचा प्लास्टिकचा चेंडू. क्लोरीन तिथेच खर्ची पडत होता. गाळ काढला, भिंती घासल्या, टीसीएल पावडरचं (ब्लीचिंग पावडरचं) पाणी भरून ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी ते सोडून दिलं. फटीला रबर लावलं.

नंतर माझ्या नळाच्या पाण्यात ओटीचे थेंब टाकले, तर लिंबाच्या सालीसारखा फिका पिवळा रंग आला. मी खूश. संध्याकाळी सोसायटीच्या ग्रुपवर तिसऱ्या मजल्यावरून मेसेज: "आज पाण्याला औषधाचा वास येतोय, कोणाशी बोलायचं?"