क्लिपर की ट्रिमर: डोकं कुणाच्या हवाली करायचं?

मुलाच्या डोक्याची उजवी बाजू झाली, डावीकडे वळलो आणि यंत्र गुरगुरून थांबलं. पात्यात केस अडकलेले, मुलाच्या डोळ्यांत पाणी. उरलेलं डोकं मग कात्रीने कसंबसं भादरलं. यंत्र नवं होतं, चार्जिंगही पूर्ण होतं. चूक माझी होती. काम क्लिपरचं होतं आणि मी हातात ट्रिमर घेतला होता.

दिसायला दोघे सख्खे भाऊच. पुढे दातेरी पातं, आत मोटर, सोबत प्लास्टिकचे कंगवे. खोक्यावर ‘हेअर ट्रिमर’, ‘ग्रूमिंग किट’ असं काहीही छापलेलं असतं, त्यामुळे नावावर जाऊ नका, पातं बघा. क्लिपरचं पातं रुंद असतं, साधारण 40 ते 46 मिलिमीटर. दाते लांब आणि त्यांच्यात ऐसपैस फटी. ट्रिमरचं पातं बहुधा 30 मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहून अरुंद, दाते बारीक, आखूड आणि दाटीवाटीने बसवलेले.

सगळा फरक या दात्यांतच आहे. दोन्ही यंत्रांत एकावर एक दोन पाती असतात. खालचं स्थिर, वरचं त्याच्यावर डावी-उजवीकडे सरकत राहतं, आणि मधे सापडलेला केस कात्रीसारखा कापला जातो. म्हणजे केस आधी फटीत शिरायला हवा. लांब दाते दाट केसांतून कंगव्यासारखे फिरतात आणि केस सरळ करून आत घेतात. आखूड दात्यांसमोर तेच दाट केस आले की ते वाकतात, दोन पात्यांमधे चेंगरतात आणि कापले जाण्याऐवजी ओढले जातात. दाढीचे खुंट किंवा मानेवरची लव कापताना हा प्रश्न येत नाही. डोक्यावर मात्र लाखभर केस असतात. छोटी मोटर या भाराखाली अडते, अडलेली मोटर जास्त करंट ओढते, तापते, आणि बॅटरीही लवकर उतरते. दर महिन्याला हेच होत राहिलं तर ट्रिमर वर्षभरात थकतो आणि आपण म्हणतो, माल हलका निघाला.

उलट बाजूही सांगितली पाहिजे. कानामागची वळणं, कल्ल्यांची टोकं, मानेवरची रेघ इथे क्लिपर ओबडधोबड वाटतो. केस किती बारीक कापायचे ते ठरवणारा बाजूचा दांडा पूर्ण वर केला तरी तो केसाचा थोडा खुंट ठेवतो. ट्रिमर जवळजवळ कातडीलगत कापतो.

आता टिकाऊपणाचं. घरी सगळ्यांचे केस कापायचे असतील तर पहिला प्रश्न मोटरचा. वायरवर चालणाऱ्या अनेक क्लिपरमधे फिरणारी मोटरच नसते. तारेचं वेटोळं आणि त्याच्या चुंबकत्वाने थरथरणारी एक पट्टी, बस. अमेरिकेतल्या लिओ वॉल यांनी 1919 मधे हातात धरायच्या क्लिपरसाठी हेच विद्युतचुंबकाचं तत्त्व वापरलं, आणि ते आजही चालू आहे. हलणारे भाग मोजकेच, त्यामुळे झिजायलाही फारसं काही नाही. पट्टीची थरथर घरातल्या विजेच्या तालावर, म्हणजे तिच्या हर्ट्झवर चालते. आपल्याकडच्या 50 हर्ट्झला पातं मिनिटाला 6,000 वेळा सरकतं, 60 हर्ट्झला 7,200 वेळा. म्हणून परदेशातून कुणी असा क्लिपर भेट आणला तर आधी मागचं लेबल वाचा. 120 व्होल्ट, 60 हर्ट्झचं यंत्र 230 व्होल्टला थेट लावलं तर जळेल. ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज बदलतो, हर्ट्झ बदलत नाही, त्यामुळे तो लावूनही यंत्र खडखडत, कमी ताकदीने चालेल.

वजन आणि आवाज ही या जातीची किंमत. लहान मुलं घाबरतात. फिरणारी, म्हणजे रोटरी मोटर शांत असते, दाट केसांत जोर धरते आणि बॅटरीवरही चालते. पण तिच्यासोबत बॅटरीचं आयुष्य येतं. लिथियम-आयन बॅटरी साधारण 300 ते 500 वेळा पूर्ण चार्ज केल्यावर बरीच क्षमता गमावते. महिन्यातून दोनदा वापरणाऱ्याला तेवढं खूप झालं. तिला जास्त धोका आहे तो रिकामी करून कपाटात सहा महिने विसरण्याचा. बॅटरीचंच घ्यायचं असेल तर वायर लावून थेटही चालणारं घ्या, म्हणजे अर्ध्या डोक्यावर थांबायची वेळ येणार नाही.

टायटॅनियमचा मुलामा, ‘स्वतःच धार लावणारी पाती’ वगैरे मजकुराकडे मी फारसं लक्ष देत नाही. मी बघतो ते स्क्रू. पातं दोन स्क्रूंनी बसवलेलं आहे का, आणि सुटं पातं विकत मिळतं का? मिळत असेल तर धार गेल्यावर फक्त पातं बदलायचं. पातं पुन्हा बसवताना वरच्या पात्याचे दाते खालच्या पात्याच्या किंचित मागे राहिले पाहिजेत, पुढे आले तर कातडी कापलीच म्हणून समजा. कंगव्यांचे नंबर सोपे आहेत: एक म्हणजे 3 मिलिमीटर, दोन म्हणजे 6, चार म्हणजे 13. पहिल्यांदा हात घालताना चारपासून सुरुवात करा, अजून बारीक नंतरही करता येतं.

आणि तेल. वापरानंतर ब्रशने केस झटकायचे, यंत्र चालू ठेवून दात्यांवर पातळ मशीन ऑइलचे दोन-तीन थेंब सोडायचे. डोक्याला लावायचं तेल इथे नको, ते घट्ट होऊन पाती चिकटवतं. कोरडी पाती घासून तापतात, बोथट होतात आणि केस ओढू लागतात. केसही धुऊन पूर्ण वाळलेले हवेत. तेलकट किंवा ओल्या केसांचे पुंजके होतात, ते फटीत नीट शिरत नाहीत.

एकच घ्यायचं तर क्लिपर घ्या. दांडा वर करून, यंत्र उलटं धरून मानेची रेघ त्याने कामापुरती जमते. ट्रिमरने सगळं डोकं होत नाही, ते मी करून बघितलंय. तो ट्रिमर अजून आहे. आता त्याच्याकडे फक्त कान आणि मान एवढंच काम असतं, आणि त्यानंतर तो एकदाही अडलेला नाही.